तिकीट मागणारा म्हातारा

मनुष्य देशांतराला निघतो तेव्हा त्याने बरोबर काय घेतले याची नोंद सरकारी कचेरीत होते. पण ती नोंद कधीच पुरी नसते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजाने आणलेली मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुई बंदरात उतरली, आणि त्यानंतर सुमारे पाऊण शतक मॉरिशसच्या या किनाऱ्यावर हिंदुस्थानातून माणसे येत राहिली. त्यांची संख्या साडेचार लाखांवर गेली. आज जागतिक वारसा म्हणून जपल्या जाणाऱ्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून आल्यावर कारकून त्यांचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा आणि गाव विचारून लिहून घेत असे. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या मुलखांतून मुंबई बंदरामार्गे आलेल्या मराठी माणसाने हे सारे सांगितले. गाठोड्यातले पितळी भांडे दाखविले, घोंगडी दाखविली. पण त्याच्याबरोबर आणखी कोणी आले आहे काय, हा प्रश्न कारकुनाने विचारला नाही. विचारला असता तर उत्तर ऐकून त्याची लेखणी थबकली असती. कारण त्या गाठोड्यांतून कोकणातली निम्मी भुतेही समुद्र ओलांडून आली होती.

ती सगळीच या मातीत रुजली नाहीत. मुंज्याला पिंपळ हवा, पार हवा. समंधाला शापासाठी एखादे जुने घराणे आणि त्याचा पुरलेला पैसा हवा. उसाच्या मळ्यावरील कॅम्पातल्या गवती झोपडीत पुरून ठेवण्याजोगा पैसा कोणाजवळ होता? वेताळाला भाविकांनी चामड्याच्या वहाणा वाहाव्यात आणि रात्रीच्या फेरीत त्या झिजाव्यात, अशी कोकणात श्रद्धा आहे. परंतु येथे वाहणाराच अनवाणी होता. टिकला तो चकवा. वाटसरूची दिशा फिरवून त्याला रात्रभर एकाच जागी फिरविणाऱ्या या भुताला उसाचे शेत म्हणजे जणू माहेरच लाभले. माणसाच्या डोक्यावरून हातभर उंच वाढलेला ऊस, सरळ रेषेत एकसारख्या गेलेल्या सऱ्या, मधून जाणारी एकाच रूपाची वाट, आणि पाते हलले की कोणी मागून चालत आल्याचा भास! अशा ठिकाणी दिवसासुद्धा माणूस चुकतो. मग अमावास्येच्या रात्रीची गोष्ट काय सांगावी? गावाची वेस राखणारा कोकणातला देवचारही येथे आला, आणि मळ्याच्या कडेला सात दगडांच्या रूपाने बसलेल्या कालीमाईच्या शेजारी त्याने मुकाट्याने आपली जागा करून घेतली. फ्रेंचांचा लूगारू, आफ्रिकेतून बेड्यांत आणलेल्या गुलामांची पिशाच्चे, तमिळ मजुरांचे रक्षक मुनीश्वर, हे सारे त्याला येथेच भेटले. जिवंत माणसांच्या वस्त्या वेगळ्या होत्या, देवळे वेगळी होती, चुलीही वेगळ्या होत्या. भुते मात्र एकाच वाटेवर हिंडत होती, आणि त्यांना भिण्यात कोणी जात वा धर्म पाहिला नाही.

या बेटावरील अद्भुत कथा नुसत्या करमणुकीच्या नाहीत, हे त्यांकडे लक्षपूर्वक पाहणाऱ्याला सहज कळून येते. पीटर बोथ पर्वताच्या शिखरावर माणसाच्या मस्तकासारखा एक प्रचंड गोल धोंडा आहे. तो पूर्वी एक दूधवाला होता म्हणतात. पहाटे डोंगर ओलांडताना त्याने पऱ्यांचा नाच पाहिला, कोणाला सांगणार नाही असे वचन दिले, आणि ते मोडताच तो शिळा झाला. ग्रां बासें सरोवराला जुने लोक परी तलाव म्हणत. तेथेही रात्री पऱ्या उतरतात अशी समजूत होती. १८९७ साली त्रिओले गावच्या झम्मनगिरी गोसावी या पुजाऱ्यांना स्वप्न पडले की, त्या सरोवराचे पाणी गंगेला मिळालेले आहे. पुढल्याच वर्षी लोक महाशिवरात्रीला तेथे चालत गेले. १९७२ साली गोमुखाहून आणलेले गंगाजल त्यात मिसळण्यात आले आणि परी तलावाचा गंगा तलाव झाला. ज्या जागेची धास्ती वाटत होती, तिचे या रीतीने तीर्थ झाले. नैर्ऋत्येकडील ल मोर्न पर्वताची कथा तर अंगावर काटा आणते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. ती शुभवार्ता सांगण्यासाठी शिपाई पर्वतावर चढू लागले. परंतु वर लपलेल्या गुलामांना वाटले की हे आपल्याला धरावयासच येत आहेत, आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही कथा कागदोपत्री सापडत नाही. ती तोंडातोंडीच चालत आली. तरी २००८ साली जगाने त्या पर्वताला वारसास्थळ म्हणून मान दिला तो तिच्यासकट. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांनी आपला इतिहास असा भयाच्या स्वाधीन केला. भय हे विश्वासू कोठारघर आहे. त्यात ठेवलेली वस्तू सहसा हरवत नाही.

बेटाच्या पश्चिम भागातील, मराठी वस्ती असलेल्या एका खेड्यातील घराण्यात अशीच एक वस्तू चार पिढ्या जपून ठेवलेली होती. ती म्हणजे तिकीट मागणारा म्हातारा.

ज्यांना त्या तिकिटाचे महत्त्व ठाऊक नाही त्यांना ही कथा समजणार नाही. करार पुरा करून मोकळ्या झालेल्या मजुराला सरकारी भाषेत ‘जुना आप्रवासी’ म्हणत. तो नावाचाच मोकळा होता. १८६७ च्या कायद्याने त्याला स्वतःचे छायाचित्र लावलेले तिकीट सदैव जवळ बाळगणे भाग पडले. तिकीट नसेल, किंवा त्यावर लिहिलेल्या हद्दीबाहेर तो सापडेल, तर पोलीस त्याला भटक्या ठरवून पकडीत. आणि अशा भटक्यांना डांबण्यासाठी ग्रांद रिव्हिएर येथे खास डेपो होता. आजारी आईला पाहावयास निघालेला मुलगा आणि बाजाराला भाजी नेणारा माळकरी या दोघांनाही हाच न्याय लागे. १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ या सज्जनाच्या साहाय्याने ९४०१ जुन्या आप्रवाशांनी गव्हर्नराकडे अर्ज केला, पुढल्या वर्षी चौकशीसाठी रॉयल कमिशन आले, तेव्हा कोठे या जुलमाला वाचा फुटली.

त्या खेड्यातील घराण्याचा मूळ पुरुष आपल्या थोरल्या भावासह रत्नागिरी जिल्ह्यातून आला होता. घरात सांगत असत की, कमिशन येण्याच्या काही वर्षे आधी तो थोरला भाऊ भाजीची पाटी घेऊन पहाटे निघाला. ओढ्याला पूर होता. पलीकडे गेल्यावर त्याच्या ध्यानात आले की कमरेचे तिकीट वाहून गेले. तो काठाकाठाने शोधीत राहिला आणि तेथेच पोलिसांच्या हाती सापडला. त्याला नेताना कोणीतरी पाहिले. परत येताना मात्र कोणीच पाहिले नाही. धाकट्याने बारा वर्षे वाट पाहिली. क्रिया केली नाही, कारण मेल्याची खबर नव्हती. तेव्हापासून उसातल्या त्या वाटेवर तिन्हीसांजेनंतर एक अनवाणी म्हातारा भेटतो, हात पुढे करतो आणि मराठीत विचारतो, “माझं तिकीट बघितलंस का?” हो म्हणणाऱ्याला तो ओढ्याकडे नेतो. नाही म्हणणाऱ्याला सोडून देतो. घरातल्या मुलांना सक्त ताकीद असे की, म्हातारा भेटला तर खोटे बोलू नये.

१९६० च्या फेब्रुवारीअखेर ‘कॅरोल’ नावाचे तुफान या बेटावर आले. वाऱ्याचे झोत ताशी अडीचशे किलोमीटरांवर गेले. गवती छपरांची आणि पत्र्यांची घरे हजारोंनी आडवी झाली. मध्येच तुफानाचा डोळा बेटावरून सरकू लागला आणि काही तास वारा एकदम थांबला. त्या घराण्यात नुकतीच आलेली अठरा वर्षांची सून त्या वेळी घरात तान्ह्या मुलासह होती. छप्पर उडून गेले होते. घरची माणसे शेजारच्या पडलेल्या घराखालून एका म्हातारीला काढण्यात गुंतली होती. सासूने ओरडून सांगितले, “पोराला घे आणि कारखान्याच्या दगडी इमारतीकडे पळ. वारा उलटून येईल.” मुलाला लुगड्यात गुंडाळून ती निघाली. ऊस आडवा झालेला, वाट दिसेनाशी झालेली, नेहमीच्या खुणेची झाडे मुळासकट उपटलेली. बराच वेळ चालूनही कारखान्याची चिमणी दिसेना. इतक्यात समोर एक अनवाणी मनुष्य उभा असलेला तिला दिसला. त्याने हात पुढे केला आणि काहीतरी ओरडून विचारले. तिला एकच शब्द स्पष्ट ऐकू आला: तिकीट.

“माझ्याकडे नाही, बाबा! मी नाही बघितलं!” असे म्हणून ती माघारी वळली आणि जीव घेऊन धावत सुटली. त्या धावण्यातच तिला डाव्या हाताला चिमणी दिसली. ती दगडी इमारतीत शिरली आणि थोड्याच वेळात उलट दिशेचा वारा पहिल्याहून भयंकर वेगाने आला. दुसऱ्या दिवशी लोकांनी पाहिले तेव्हा कळले की, ती ज्या वाटेने चालली होती ती ओढ्याची वाट होती. ओढा दोन्ही काठ ओलांडून गेला होता आणि वाटेचा मागमूस राहिला नव्हता.

लुगड्यातले ते तान्हे मूल पुढे शिकले, वीजखात्यात नोकरीला लागले, आणि भुताखेतांवर काडीचाही विश्वास नसलेला गृहस्थ म्हणून गावात प्रसिद्धी पावले. १९९४ च्या फेब्रुवारीत ‘होलांदा’ तुफानाने विजेचे खांब पाडले आणि कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. त्याच अंधारात ‘तूनी मिन्वी’ची, म्हणजे मध्यरात्री नग्न हिंडणाऱ्या लूगारूची आवई उठली. तो अंगाला तेल चोपडतो, हाती धरता येत नाही, एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उडी घेतो, अशा वार्ता गावोगाव पसरल्या. पुरुष दांडकी घेऊन पहारे करू लागले. रात्री उशिरा परतणाऱ्या निरपराध वाटसरूकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. हा गृहस्थ दिवसभर खांबांवर चढून तारा जोडीत असे आणि संध्याकाळी घरी येऊन हसत असे. तो म्हणे, “जेथे दिवा लागतो तेथून लूगारू त्याच रात्री बदली घेऊन जातो.” आणि खरोखरच दिवे आले तसतसा तो लूगारू ओसरला, कोठेही सापडला नाही.

आईच्या अनुभवाचाही त्याने असाच उलगडा केला होता. त्या दिवशी उसात एखादा जिवंत क्रिओल मजूर असावा. बाईमाणूस मूल घेऊन ओढ्याकडे चाललेले पाहून तो ओरडला असेल, “किट सा सिमें-ला!” म्हणजे “ती वाट सोड!” भेदरलेल्या आईने त्यातला ‘किट’ तेवढा ऐकला आणि लहानपणापासून कानांत बसलेल्या कथेने त्याचे ‘तिकीट’ केले. उलगडा तर्काला पटण्यासारखा होता. आई तो शांतपणे ऐकून घेई आणि म्हणे, “असेल बाबा. पण मग त्या भल्या माणसाचं नावही कोणाला ठाऊक नाही, आणि त्याचे उपकार फेडायचे राहिले ते राहिलेच.” यावर मुलाला उत्तर सुचत नसे.

वर्षे गेली. ती सून आजी झाली, पणजी झाली. मधुमेहाने तिच्या दृष्टीचा घास घेतला. हा रोग या बेटावर घरोघरी आहे. पंच्याहत्तरी उलटल्यावर एके संध्याकाळी तिने सहज सांगितले, “तो आलाय. दाराशी उभा आहे.” मग रोज. कधी माजघरात, कधी तुळशीपाशी. घरात कुजबुज सुरू झाली. सुनेला वाटले की घराला ‘मोव्हेझेर’ लागले, एखाद्या लोंगानिस्ताला, म्हणजे मांत्रिकाला, बोलवावे. मुलाला भीती वाटली की आईचे मन ढळू लागले. नातवंडे आजीच्या खोलीत जाईनाशी झाली. भुताने जे कधी केले नव्हते ते आता त्याच्यावरील चर्चेने केले. आजी आपल्याच घरात एकटी पडली.

शेवटी मुलाने तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी तिचे सारे ऐकून घेतले आणि हसले नाहीत. त्यांनी सांगितले की, १७६० साली शार्ल बॉने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या दृष्टी गेलेल्या आजोबांचा असाच अनुभव लिहून ठेवला आहे. डोळ्यांकडून येणारी चित्रे कमी झाली की मेंदूचा पाहणारा भाग स्वस्थ बसत नाही. तो स्वतःच चित्रे उभी करतो. माणसे दिसतात, चेहरे दिसतात, वेलबुट्टी दिसते. हे वेड नव्हे. अशी माणसे दिसतात, पण बोलत नाहीत, हेही त्यांनी सांगितले. मग त्यांनी आजीला विचारले, “तुमचा म्हातारा बोलतो का?”

“नाही,” आजी म्हणाली. “पूर्वी बोलायचा. आता नुसता उभा असतो.”

डॉक्टरांचे समाधान झाले, मुलाचेही झाले. परतीच्या वाटेवर मोटारीत आजी बराच वेळ गप्प होती. मग ती मुलाला म्हणाली, “डॉक्टर म्हणाले ते खरंच असेल. पण तो का बोलत नाही ते मला ठाऊक आहे. त्याचं बोलणं समजेल असं आता घरात कोण उरलंय? मी गेले की तो कोणाला विचारणार?”

हे वाक्य मागच्या आसनावर बसलेल्या नातवाने ऐकले. त्याला मराठी जेमतेम येत होते. घरात सारे क्रिओलमध्ये बोलत. पण एवढे वाक्य त्याला समजले, आणि ते त्याच्या मनातून जाईना. सुटीच्या दिवशी तो मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गेला. आप्रवाशांच्या जुन्या नोंदवह्या तेथे जतन केलेल्या आहेत. घरात असलेल्या मूळ पुरुषाच्या कागदावरून क्रमांक मिळाला, क्रमांकावरून जहाज मिळाले, आणि त्याच जहाजाच्या यादीत लगतच्याच ओळीत थोरला भाऊ सापडला. नाव इंग्रज कारकुनाने असे काही वाकडे लिहिले होते की, मोठ्याने वाचल्याखेरीज ओळखू येऊ नये. बापाचे नाव तेच, गाव तेच. वय चोवीस. डाव्या भुवईवर व्रण. एक पुसट छायाचित्रही होते. पुढल्या रकान्यांत मृत्यूची तारीख नव्हती, मायदेशी परतल्याची तारीख नव्हती. रकाने कोरे होते.

नातवाने त्या पानाची प्रत घरी आणली. आजीला दिसत नव्हते. तिने छायाचित्रावरून बोटे फिरविली आणि त्याला वर्णन करावयास सांगितले. त्याने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले: डोक्याला मुंडासे, गालफडे बसलेली, नजर समोर. “म्हातारा नाही, आजी. तरुण आहे.”

“आणि पायांत?”

“पाय दिसत नाहीत. छातीपर्यंतच आहे.”

“अनवाणीच असणार,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “एवढासा पोर, आणि आम्ही त्याला म्हातारा म्हणत आलो. वाट बघून बघून म्हातारा झाला तो.”

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला त्या घरात एक पान अधिक वाढले गेले. त्या गृहस्थाने, ज्याचा भुतांवर विश्वास नव्हता, स्नान करून दीडशे वर्षांपूर्वी हरवलेल्या त्या माणसाला नाव घेऊन तीळपाणी दिले. नाव कसे उच्चारावयाचे ते आजीने त्याच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतले. सूनही शेजारी बसली होती; लोंगानिस्ताचा विषय पुन्हा निघाला नाही. पानाशेजारी नोंदवहीच्या कागदाची ती प्रत ठेवली होती. एका परीने ते त्याचे तिकीटच होते.

विधीनंतर तो म्हातारा दिसेनासा झाला, असे सांगता आले असते तर कथा अधिक सुबक झाली असती. पण तसे झाले नाही. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे डोळ्यांचा दोष होता तोवर तो दिसावयाचाच, आणि आजी पुढे दोन वर्षांनी वारली तोवर तो दिसत राहिला. फरक इतकाच झाला की नातवंडे तिच्या खोलीत पुन्हा जाऊ लागली. संध्याकाळी दिवा लावला की त्यांतले एखादे विचारी, “आजी, आला का गं तो?” हे विचारण्यापुरते मराठी ती सगळीच शिकली होती. आजी दाराकडे तोंड करी, क्षणभर थांबे आणि सांगे, “आलाय. पण आता उभा नाही राहत. बसलाय.”